अर्धं पोतं सिमेंट

आमच्या नल्लकुंट्याच्या घरात बाथरूमचा उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराशी येतं, फटीतून बाहेर डोकावतं आणि माझी पावलं भिजवतं. हे घर माझ्या नवऱ्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलं. माझा नवरा म्हणजे मुकुंदराव देगलूरकर, सरकारी खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त. ज्यांची सगळी नोकरी गावोगावी पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली, त्यांच्या स्वतःच्या घरात पाण्याला वाट सापडत नाही. राहायला आलो त्याच आठवड्यात मी हे त्यांना दाखवलं होतं. त्यावर ते म्हणाले, उतार बरोबर आहे, तू पाणी चुकीच्या बाजूला ओततेस. तेव्हापासून मी दाराशी पायपुसणं टाकते आणि रोज पिळते.

हे आधी सांगितलं म्हणजे माणूस कसा आहे ते कळेल. मनाने फार चांगला. कुणाच्या अडीनडीला धावून जाणारा, भाजीवालीच्या मुलाची शाळेची फी गुपचूप भरणारा. पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मी मराठी शाळेत मास्तरीण होते, चुका दाखवणं हा माझा धंदा. त्यामुळे आमच्या संसारात दोन खात्यांची भांडणं कायम चालायची.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तर मी देवाचं नाव घेऊन काढलं. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी वजनानुसार लावले, जड खाली आणि हलके वर. त्यामुळे हिंग शोधायला मला स्टुलावर चढावं लागायचं. पोळ्या लाटताना मागे उभं राहून कडा सारख्या येत नाहीत म्हणून सांगायचे. एक दिवस मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, बाहेर काहीतरी उद्योग बघा, नाहीतर मी बहिणीकडे जाते.

उद्योग सापडला तो गणपतीत. आमच्या मराठी मंडळाच्या आरतीला बरकतपुऱ्याच्या कुसुमताई कंधारकरांची अमृता आली होती. कंधारकर म्हणजे जुनं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या वकिली आणि सरकारी नोकऱ्या. या पोरीने मात्र आर्किटेक्ट होऊन जुन्या इमारतींचा नाद धरला. ती सांगत होती की तिने एक अभ्यासक्रम सुरू केला आहे, नोकरीतल्या इंजिनियर आणि आर्किटेक्ट लोकांसाठी. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारती सरकारी खात्यांच्या ताब्यात, आणि त्या ज्यांनी सांभाळायच्या त्यांना कॉलेजात शिकवलेलं फक्त सिमेंट आणि लोखंड. मग ते जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापतात, भिंतीतली ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजत जाते. चुना कसा भिजवायचा, भिंत कशी वाचायची, हे ती शिकवते म्हणाली.

मुकुंदराव हसले. चुना पानाला लावतात, भिंतीला लावायचे दिवस गेले, असं त्यांनी तिला सांगितलं. अमृता काही चिडली नाही. काका, एकदा येऊन बघून तर जा, एवढंच म्हणाली. हे तिच्या चुका काढायला म्हणून गेले आणि तिथेच अडकले. महिन्याभरात रीतसर नाव घातलं. वर्गातले सगळ्यात म्हातारे विद्यार्थी.

हा वर्ग भरायचा मलकपेठेत, कुणा जुन्या नवाबाच्या तबेल्यात. घोडे कधीच गेले, कमानी राहिल्या. शेजारणीने विचारलं की मुकुंदराव रोज डबा घेऊन कुठे जातात, तर मी सरळ सांगायचे, तबेल्यात. तिथला पहिला नियम असा की सुरुवातीला भिंतीला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं. ओल कुठून चढते, मिठाचा पांढरा थर कुठे फुटतो, तडा जुना आहे की नवा. बघून झालं की चित्र काढायचं, मग शंका विचारायच्या, आणि हात त्यानंतर. आयुष्यभर ज्यांनी जीपमधून उतरता उतरता हुकूम सोडले, ते माझे यजमान जमिनीवर मांडी घालून एका तड्याचं चित्र काढत बसायचे.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. घरात शांतता आली. नखांत चुना घेऊन ते घरी यायचे आणि जेवताना कमानींबद्दल बोलायचे. हिमायतनगरला भाजी आणायला पाठवलं तर भाजी विसरून एका जुन्या सज्ज्याचं चित्र काढून आणायचे. हिंग पुन्हा खालच्या फळीवर आला. अमृता यांच्यासमोर फ्रॉक घालून खेळलेली पोर, पण वर्गात हे तिला मॅडम म्हणायचे. तिने किती सांगून पाहिलं, तरी यांची खात्यातली सवय काही गेली नाही.

त्यांच्या शेजारच्या भिंतीवर काम करायचा गौतम. महापालिकेतला तरुण इंजिनियर, उदगीरकडचं शेतकरी घर, आता मलकपेठेतच स्थायिक. रोज उशिरा येणार, कानात काहीतरी घालून येणार आणि मी यांना दिलेल्या डब्यातली अंबाड्याची भाजी संपवणार. मराठी वाचताना अडखळायचा, बोलताना तीन भाषा एकत्र कालवायचा. पण त्याच्या हातात गुण आहे, असं हे म्हणायचे. यांनी कुणाचं कौतुक केलं की मी कान टवकारते, कारण तसं वारंवार होत नाही.

सुरुवातीलाच सगळ्या वर्गाने मिळून चुन्याचा माल तयार केला होता. माल म्हणजे भिजवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी, एकत्र कुटून हौदात ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची. जितका मुरेल तितका चांगला. पाळी लावून सगळे त्यावर पाणी शिंपडायचे. अखेरच्या परीक्षेत प्रत्येकाने त्यातूनच आपापल्या भिंतीचा गिलावा करायचा होता, आणि तो तपासायला बाहेरचे परीक्षक यायचे होते.

परीक्षा जवळ आली तसे मुकुंदराव बेचैन झाले. त्या वर्षी पाऊस लांबला, हवा दमट, आणि सरावाचे गिलावे काही केल्या घट्ट होईनात. हे रोज अंगठा दाबून बघायचे आणि अंगठा आत जायचा. अमृता सांगायची की चुना असाच हल्लूहल्लू धरतो, घाबरायचं कारण नाही. हे घरी येऊन मला सांगायचे की परीक्षकांचा अंगठा आत गेला तर सगळी पोरं नापास होतील, गौतमला खात्यात तोंड दाखवता येणार नाही. स्वतःची काळजीही होतीच. हा माणूस कुठल्याच परीक्षेत कधी नापास झालेला नव्हता.

एका शनिवारी ते लवकरच स्कूटर काढून गेले. जिन्याखाली गच्चीच्या दुरुस्तीतून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट वर्षभर पडून होतं, ते नाहीसं झालेलं दिसलं. अखेर यांनी जिना साफ केला म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. मला काय ठाऊक, ते पोतं तबेल्याच्या हौदात गेलं होतं. वर्ग यायच्या आत यांनी फावड्याने माल खालीवर करून सिमेंट नीट मिसळलं, वर गोणपाट होतं तसं टाकलं आणि हात धुऊन बसले. दुपारी सगळे हा माल वापरतील, सोमवारपर्यंत गिलावे टणक होतील आणि पोरांना धीर येईल, असा त्यांचा हिशेब. यांच्या साऱ्या नोकरीत सकाळी कालवलेला माल संध्याकाळी संपलेला असायचा. मुरत ठेवायच्या मालाशी त्यांची गाठ पहिल्यांदाच पडली होती.

त्या दुपारी अमृताने हौदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सगळ्यांना मागच्या भिंतीवरचं मीठ दाखवायला घेऊन गेली. यांनी दोनदा सुचवलं की आज थोडा गिलावा करून बघू या. तिने शांतपणे सांगितलं, "काका, गडबड कशाला करायलात? हा माल सहा महिने ठेवला तरी बिघडत नाही." तास संपला, सगळे घरी गेले, आणि माल तसाच राहिला.

घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. रविवारी ताटातल्या भाजीला हात लावला नाही. तिकडे त्या दिवशी पाणी शिंपडायची पाळी गौतमची होती. त्याने गोणपाट उचलून न बघताच वरून पाणी मारलं आणि गेला. सोमवारी सकाळी अमृताने गोणपाट काढलं, तर हौदात दगड झालेला. मालात खोचून ठेवलेलं फावडंही त्यातच पक्कं बसलेलं. दोघांनी ओढून पाहिलं, ते हललं नाही.

सगळ्यांच्या नजरा गौतमकडे गेल्या. पाळी त्याची, उशिरा येणारा तो, आणि सिमेंट टाकलं असतं तर काम लवकर झालं असतं असं मागे थट्टेत बोललाही होता. त्याने परोपरीने सांगितलं की मी काही केलं नाही, पण कुणाला खरं वाटेना. अमृताने त्याला सांगितलं की उलगडा होईपर्यंत त्याने वर्गात येऊ नये. तो मान खाली घालून निघून गेला. आणि मुकुंदराव देगलूरकर, निवृत्त अधीक्षक अभियंता, तिथे उभे राहून हे सगळं गप्प बघत राहिले.

हे मला त्या दिवशी चहाच्या वेळी कळलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. माझा संताप झाला. कपबशी मी जरा जोरातच ठेवली असेन, कारण बशीला चीर गेली.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी म्हटलं.

"ती मला काढून टाकेल, माधवी," ते म्हणाले. "मला तिथे राहायचंय."

एवढ्या वर्षांत मी त्यांना वरिष्ठांशी भांडताना पाहिलं होतं, बदलीची ऑर्डर हातात घेऊन हसताना पाहिलं होतं. घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. राग होता तो होताच, तरी मी त्यांचा चहा पुन्हा गरम केला. या वयात माणसाला काहीतरी मनापासून आवडावं आणि ते आपल्याच हाताने जायची वेळ यावी, हे मला बघवेना. तरीपण त्या पोराच्या डोक्यावर हे खापर फुटू देऊन मला भाजी गोड लागली नसती. मी सांगितलं की उद्या मी तुमच्याबरोबर येते. फोन करून गौतमलाही बोलावून घेतलं.

मंगळवारी आम्ही रिक्षाने गेलो. तबेल्याच्या अंगणात सगळा वर्ग त्या दगडी हौदाभोवती उभा होता. गौतम लांब, फाटकापाशी. मुकुंदराव पुढे झाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग त्यांनी खात्याच्या भाषेत सुरुवात केली, की सदर मालामध्ये काही प्रमाणात सिमेंट मिसळलं गेल्याचं निदर्शनास आलं आहे. मी मागून खाकरले. ते थांबले. त्यांनी एकदा फावड्याकडे बघितलं, एकदा गौतमकडे.

"सिमेंट मी टाकलं," ते म्हणाले. "या पोराचा काही संबंध नाही. काल बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. माझं चुकलं."

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला पदर शोधावा लागला. एखाद्या टाकीच्या उद्घाटनाला कधी असं झालं नव्हतं.

अमृताने हौदाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. मग तिने किती टाकलं ते विचारलं. अर्धं पोतं, हे म्हणाले. नीट मिसळलं होतं का, तिने विचारलं. तीनदा खालीवर केलं, यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तेवढ्यात फाटकापासून गौतमचा आवाज आला.

"हौ ना मॅडम, तरीच इत्ता पक्का झालाय. सरांचं काम आहे."

सगळा वर्ग हसत सुटला. अमृताला हसू आवरायला तोंड फिरवावं लागलं. गौतम येऊन यांच्या शेजारी उभा राहिला, म्हणाला, टेन्शन नक्को घेऊ सर. अमृताने मात्र सोडलं नाही. सगळ्यांसमोर तिने गौतमची माफी मागितली, आणि यांना सांगितलं की तुमचं काय करायचं ते मी परीक्षेनंतर सांगेन. हौद फोडायचा नाही, फावड्यासकट तसाच ठेवायचा, पुढच्या वर्गाला दाखवायला. पण आता मुरलेला चुना कुठून आणायचा हा प्रश्न होता. नवा भिजवला तर मुरायला महिने लागतील, आणि परीक्षा तोंडावर.

माझ्या पर्समध्ये पानाची डबी असते. डोकं चालेनासं झालं की मी विडा लावते, तसा तिथेही लावायला घेतला. बोटावर चुना घेतला आणि थांबले. मी अमृताला विचारलं, बाई गं, हाही चुनाच ना? तिने माझं बोटच हातात धरलं आणि निरखून बघितलं. पानाचा चुना गाळलेला असतो, लोण्यासारखा मुरलेला असतो, आणि त्यात दुसरं काही नसतं, असं ती म्हणाली. मी यांच्याकडे बघितलं. चुना पानाला लावतात असं गणपतीत कोण म्हणालं होतं, ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी नजर चुकवली.

मलकपेठेच्या बाजारामागे खाजामियाँ नावाचे एक गृहस्थ पानवाल्यांना चुना पुरवतात. हे, मी आणि गौतम तिथे गेलो आणि आहे तेवढा चुना मागितला. खाजामियाँनी चष्म्यावरून आम्हा तिघांना न्याहाळलं आणि विचारलं, "इत्ता चूना किसकू लगाना है साब?" यांनी तोंड उघडायच्या आत गौतमने सांगितलं, घोड्यांच्या घराला. खाजामियाँ हसून हसून खोकायला लागले आणि त्यांनी पोराला हाक मारून पिंपं बाहेर काढायला लावली. ती रिक्षात कोंबून, मी एक मांडीवर घेऊन, आम्ही तबेल्यात परतलो. वाटेत साडीची वाट लागली.

पुढचे दिवस मुकुंदराव सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. वाळू चाळायची, विटा कुटायच्या, माल खालीवर करायचा, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. गोणपाटापाशी कुणी गेलं की हे मागोमाग जायचे. तुमचीच राखण करायला पाहिजे सर, असं गौतम म्हणायचा आणि हे मुकाट्याने ऐकून घ्यायचे. गिलावे झाले. हे अंगठा लावायला जायचे आणि आठवण झाल्यासारखे हात मागे घ्यायचे.

परीक्षक आले, त्यांनी एकेक भिंत बघितली. अंगठा कुणी दाबलाच नाही. त्यांनी नुसती तळहाताने भिंत चाचपली, बोटाने हलकं वाजवून ऐकलं, आणि चुना नीट धरायला लागलाय, असाच ओला ठेवा म्हणाले. ज्या अंगठ्यापायी एवढं रामायण झालं, तो कुणाला हवाच नव्हता. गौतमची भिंत सगळ्यात चांगली ठरली.

मुकुंदरावांचा निकाल अमृताने शेवटी सांगितला. गिलावा उत्तम आहे, पण ज्याला थांबता आलं नाही त्याला मी यंदा प्रमाणपत्र देऊ शकत नाही. यायचं असेल तर पुढच्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून या, आणि पहिल्या दिवशी तो हौद नव्या मुलांना तुम्हीच दाखवा. हे मला फोनवर गौतमने कळवलं, आणि मी धास्तावले. नापास होऊन घरी येणाऱ्या नवऱ्याशी काय बोलतात हे मला माहीत नव्हतं. मी निमूटपणे अंबाड्याची भाजी टाकली.

ते आले ते हिमायतनगरच्या दुकानातून पेढ्यांचा खोका घेऊन. जिन्यातच शेजारच्या नामदेवरावांना पेढा दिला. त्यांनी विचारलं, कशाचे? हे खणखणीत आवाजात म्हणाले, नापास झालो. नामदेवराव हातात पेढा धरून तसेच उभे राहिले. मी दार उघडून विचारलं, अहो, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, वाटलं की. पण आणखी एक वर्ष तबेल्यात जायला मिळणार. आणि खोका माझ्या हातात देऊन हातपाय धुवायला गेले.

आतून तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पाणी आलं आणि नेहमीसारखी माझी पावलं भिजली. पुन्हा एक तांब्या ओतला, आवाजावरून या वेळी दुसऱ्या बाजूला, पण तेही पाणी मुकाट दाराशीच आलं. मग दार उघडलं.

"माधवी," ते म्हणाले, "उतार उलटा आहे. चूक माझी आहे."

या वाक्यासाठी मी इतकी वर्षं एकापेक्षा एक खरमरीत उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मला हसू यायला लागलं. ते पँट वर दुमडून आत उभे होते. उद्याच गवंडी बोलावतो, फरशी उखडतो, सकाळी पहिलं काम हेच, असं म्हणत ते फोन शोधायला निघालेसुद्धा.

मी दारातच आडवी उभी राहिले. म्हटलं, "थांबा. आधी नुसतं बघायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी आणखी एक तांब्या ओतला, आणि आम्ही दोघं ओल्या पावलांनी दारात उभे राहून पाणी कुठून कसं येतं ते बघत राहिलो.